रेषा आणि रांग

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

प्रशांत महासागराच्या काठाशी, अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवर तिहुआना नावाचं मेक्सिकन शहर आहे. तिथले लोक सीमेला 'ला लिनेआ' म्हणतात. लिनेआ म्हणजे रेषा. पण अमेरिकेत जाण्यासाठी गाड्यांची जी रांग लागते, तिचंही नाव तिथे 'ला लिनेआ'च. सकाळी कुणी विचारलं, 'आज लिनेआ कशी आहे?', तर त्याला नकाशातल्या रेषेची चौकशी करायची नसते. दीड तास लागेल की तीन, एवढंच त्याला हवं असतं. आपल्याकडे 'वाट' आणि 'वाट पाहणं' यांचं जे नातं आहे, तसंच काहीसं हे. १८४८ साली कागदावर आखलेल्या एका रेषेची पुढच्या पावणेदोनशे वर्षांत रांग कशी झाली आणि त्या रांगेत कुणी कुठे उभं राहायचं हे कसं ठरत गेलं, ते आज सांगायचं आहे.

आधी जागा डोळ्यांपुढे आणू. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यानं उत्तरेकडून येणारा पाच नंबरचा महामार्ग कॅनडाच्या सीमेशी सुरू होतो आणि सॅन दिएगो शहर ओलांडून सॅन इसिद्रो या वस्तीपाशी संपतो. संपतो म्हणजे थेट मेक्सिकोत शिरतो. त्याच्या आधी थोड्याच अंतरावर ८०५ नंबरचा महामार्ग त्याला येऊन मिळतो आणि लगेच एक पाटी दिसते : अमेरिकेतलं शेवटचं वळण. हे वळण ज्यानं बोलण्याच्या नादात चुकवलं, तो गाडीसकट परदेशात जातो. जायला बहुधा काही मिनिटं पुरतात. परत यायचं तर पलीकडच्या रांगेच्या शेपटीला जाऊन उभं राहावं लागतं आणि ती शेपटी शहराच्या रस्त्यांवरून कुठवर गेली असेल ते त्या दिवसावर अवलंबून.

सॅन इसिद्रोचा हा नाका पश्चिम गोलार्धातला सगळ्यात वर्दळीचा जमिनीवरचा सीमानाका मानला जातो. अमेरिकी सरकारच्या आकड्यांप्रमाणे रोज सुमारे ७० हजार माणसं गाड्यांतून आणि २० हजार माणसं पायी इथून उत्तरेकडे जातात. गर्दीचं कौतुक आपल्याला कुणी सांगायला नको. पण यातला प्रत्येक जण एका खिडकीसमोर थांबतो, कागद दाखवतो, प्रश्नाला उत्तर देतो आणि मगच पुढे सरकतो, हे लक्षात घ्या. आणि यातले बहुसंख्य प्रवासी हौसेनं निघालेले पर्यटक नसतात. ते कामाला निघालेले असतात, शाळेत निघालेले असतात, आजीला भेटून परतत असतात.

मी या रांगेत बरीच वर्षं उभा राहिलो. नोकरी सॅन दिएगोत होती आणि आमच्या कंपनीचा जोडकारखाना तिहुआनात. असे कारखाने तिथे शेकड्यांनी आहेत. मेक्सिकोनं १९६५ साली सीमेलगत परदेशी मालाच्या जुळणीला सवलती दिल्या, तेव्हापासूनचे. डिझाइनवाले इंजिनिअर उत्तरेला, हात दक्षिणेला, अशी ती वाटणी. आठवड्यातून एकदा तरी मला जावं-यावं लागे. आमच्या उत्तरेकडच्या वर्कशॉपमधले एक वडीलधारे फोरमन मात्र रोज ये-जा करत. सॅन दिएगोतलं घरभाडं परवडत नाही म्हणून ते तिहुआनात राहत. सगळे त्यांना 'माएस्त्रो' म्हणत. आपण कसबी माणसाला मिस्त्री किंवा मास्तर म्हणतो, तसं. पहाटे पावणेतीनला उठून साडेतीनला रांगेत आणि सहाच्या पाळीला कामावर, असा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. मी जे वाचून शिकलो त्यापेक्षा जास्त त्यांच्या तोंडून शिकलो.

रेषेची जन्मकथा थोडक्यात अशी. अमेरिका-मेक्सिको युद्धानंतर २ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालुपे इदाल्गो इथे तह झाला. मेक्सिकोचा मोठा प्रदेश अमेरिकेकडे गेला. पश्चिम टोकाला सॅन दिएगोचं बंदर अमेरिकेला हवंच होतं, म्हणून बंदराच्या दक्षिण टोकापासून एक सागरी लीग, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर दक्षिणेला सीमा धरावी असं ठरलं. तिहुआना हे शहर तेव्हा नव्हतंच. त्याची स्थापना १८८९ची. शहराच्या आधी रेषा आली आणि रेषेमुळे शहर आलं.

सुरुवातीची कित्येक वर्षं ही सीमा ओलांडणाऱ्याला फारसं कुणी हटकत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेनं या बाजूला घोडेस्वार पहारेकरी नेमले, तेही मेक्सिकनांना अडवण्यासाठी नव्हे. चिनी मजूर चोरवाटेनं येऊ नयेत म्हणून. मेक्सिकन माणूस रोजच्या कामाला जावा तसा जाई-येई.

हे बदललं १९१७ साली. त्याची एक कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिच्यात मोटारी नाहीत. पण रांगेचं पुढचं सगळं राजकारण तिच्यात आहे. सॅन इसिद्रोपासून हजारेक किलोमीटर पूर्वेला, याच सीमेवर टेक्सासमधलं एल पासो हे शहर आहे आणि नदीपलीकडे मेक्सिकोचं हुआरेस. टायफसच्या साथीची भीती पुढे करून एल पासोच्या पुलावर मेक्सिकन कामगारांना कपडे उतरवून रॉकेल आणि व्हिनेगरच्या मिश्रणानं न्हायला लावण्याचा नियम आला. आदल्याच वर्षी त्या शहराच्या तुरुंगात अशाच न्हाणीच्या वेळी आग लागून कैदी होरपळून मेले होते. २८ जानेवारी १९१७ रोजी सकाळी कार्मेलिता तोरेस नावाची सतरा वर्षांची मोलकरीण ट्रॅममधून पुलावर आली आणि तिनं न्हायला साफ नकार दिला. ट्रॅममधल्या बाकीच्या बायकांनाही तिनं खाली उतरवलं. काही तासांत पुलावर हजारोंचा जमाव झाला आणि ट्रॅम बंद पडल्या. आंदोलन मोडून काढण्यात आलं, न्हाणी पुढे अनेक वर्षं चालू राहिली. पण आगगाडीच्या पहिल्या वर्गातून येणाऱ्या मेक्सिकनांना या न्हाणीतून सूट असे. एकाच पुलावर दोन मार्गिका त्या वेळीच पडल्या होत्या. फक्त त्यांना मार्गिका म्हणत नव्हते.

त्याच वर्षीच्या स्थलांतर कायद्यानं साक्षरतेची परीक्षा आणि डोईपट्टी आली. पाठोपाठ पासपोर्टचा कायदा आला. रोज ये-जा करणाऱ्या स्थानिकांसाठी मग वेगळी ओळखपत्रं काढावी लागली. १९२४ साली सीमा गस्तीदल स्थापन झालं.

गंमत अशी, की मोटारींची पहिली मोठी रांग मेक्सिकन माणसांनी लावलेली नव्हती. ती लावली अमेरिकनांनी. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती, आणि तिहुआनात नव्हती. कॅलिफोर्नियातले मोटारवाले सुट्टीच्या दिवशी दक्षिणेला धावत. १९२८ साली तिहुआनात 'आग्वा कालिएंते' नावाचा आलिशान जुगारखाना आणि हॉटेल उघडलं. हॉलिवूडची नटमंडळी तिथे पडीक असत. संध्याकाळी ही सगळी वरात एकदमच परत निघे आणि नाक्यावर बाटल्यांची झडती सुरू होई. लोकांनी वेळेत घरी परतावं म्हणून अमेरिकी सरकारनं त्या दशकात संध्याकाळीच फाटक बंद करण्याचा उपायही करून पाहिला. दारूबंदी उठली त्याच १९३३ साली सॅन इसिद्रोत जकातीची नवी कौलारू, स्पॅनिश धाटणीची इमारत बांधून झाली. ती अजून उभी आहे. दोन वर्षांनी मेक्सिकोचे अध्यक्ष लासारो कार्देनास यांनी जुगारावर बंदी घातली आणि आग्वा कालिएंतेचे दिवस संपले.

पुढची तीस-पस्तीस वर्षं मी भराभर ओलांडतो. महायुद्ध झालं, शेतमजुरांच्या भरतीचा करार आला आणि गेला, दोन्हीकडची शहरं वाढली. नाक्यावर थांबावं लागे. पण प्रश्न एकच असे, 'नागरिकत्व?' आणि गोऱ्या माणसानं 'अमेरिकन' म्हटलं की बहुधा गाडी पुढे.

मग १९६९ साल उगवलं. अध्यक्ष निक्सन यांना मारिजुआनाविरुद्ध कडक कारवाई करून दाखवायची होती. २१ सप्टेंबरच्या रविवारी दुपारी, कुणालाही फारशी कल्पना न देता, 'ऑपरेशन इंटरसेप्ट' सुरू झालं. संपूर्ण सीमेवर, प्रत्येक नाक्यावर, येणारी प्रत्येक गाडी तपासायची. डिकी उघडा, सीट उचला, चाकांच्या आत पाहा. एरवी मिनिटाच्या आत सुटणाऱ्या गाडीला दोन-तीन मिनिटं लागू लागली. रांगा मैलोन्मैल गेल्या. इंजिनं तापून गाड्या बंद पडल्या, मजुरांचे रोज बुडाले, दोन्हीकडची दुकानं ओस पडली. मेक्सिकन व्यापाऱ्यांनी उलट मोहीम काढून अमेरिकी दुकानांवर बहिष्काराची हाक दिली.

तीन आठवड्यांनी मोहीम गुंडाळली गेली. हाती लागलेला माल किरकोळ होता. पण हेतू माल पकडण्याचा होता का? या मोहिमेच्या आखणीत असलेले गॉर्डन लिडी, जे पुढे वॉटरगेट प्रकरणात तुरुंगात गेले, त्यांनी आत्मचरित्रात मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे की हा मेक्सिकोला वाकवण्यासाठी आणलेला दबाव होता आणि तो लागू पडला. मेक्सिकोनं गांजाच्या शेतांवर कारवाईचं आश्वासन दिलं. मोहिमेचं नाव बदलून 'ऑपरेशन कोऑपरेशन', म्हणजे सहकार्य, असं ठेवण्यात आलं.

एका गोळीशिवाय, एका सैनिकाशिवाय शेजारच्या देशाला जेरीला आणता आलं, ते केवळ गाडीमागे दोन मिनिटं वाढवून. हे कसं होतं, ते साध्या गणितानं पाहू. समजा नाक्यावर २५ मार्गिका चालू आहेत आणि एका गाडीला ४५ सेकंद लागतात. एका मार्गिकेतून तासाला ८० गाड्या, म्हणजे सगळ्या मिळून २००० गाड्या सुटतील. तासाला १८०० गाड्या येत असतील तर रांग जवळजवळ लागणारच नाही. आता प्रत्येक गाडीमागे फक्त १५ सेकंद वाढवा. तासाला १५०० गाड्या सुटतील, ३०० मागे उरतील. चार तासांत १२०० गाड्या तुंबतील आणि शेवटच्या गाडीला पाऊण तासाहून अधिक थांबावं लागेल. वेळ १५ सेकंदच वाढला. पण त्याचा पाऊण तास झाला. आणि तीन मिनिटं लावली तर? तासाला ५०० गाड्या सुटणार, १३०० तुंबणार. पहिल्याच तासात अडीच तासांहून जास्त खोळंबा. रांगेची लांबी येणाऱ्या गाड्यांवर जेवढी ठरते, त्याहून जास्त ती खिडकीतल्या माणसाला वरून काय हुकूम आहे त्यावर ठरते.

हे हत्यार पुन्हा निघालं १९८५ साली. अमली पदार्थविरोधी खात्याचे अमेरिकी अधिकारी एन्रिके कामारेना यांचं ७ फेब्रुवारीला ग्वादालाहारा शहरातून अपहरण झालं. मेक्सिकन पोलीस तपासात टाळाटाळ करतात अशा समजातून अमेरिकेनं नाक्यांवर कसून झडती सुरू केली. रांगा पुन्हा तशाच लागल्या. मार्चमध्ये कामारेनांचा मृतदेह सापडला. माएस्त्रो तेव्हा तरुण होते. ते म्हणत, 'ग्वादालाहारा कुठे, आम्ही कुठे! पण दंड आम्ही भरला, आणि तो घड्याळात भरला.'

आता मार्गिकांकडे येऊ. १९७०च्या दशकात बांधलेल्या सॅन इसिद्रोच्या नाक्यावर उत्तरेकडे जाणाऱ्या २४ मार्गिका होत्या. कोणती धरायची, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर. टोलनाक्यावर आपण सगळे जो जुगार खेळतो, तोच हा. आपण शेजारच्या रांगेत शिरावं आणि नेमकी सोडलेली रांग धावू लागावी. यात दैवाचा कोप वगैरे नाही. तीन रांगा असतील तर आपली सगळ्यात वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. तीनात दोन वेळा कुणीतरी आपल्या पुढे जाणारच, आणि माणसाला लक्षात राहतं ते पुढे जाणारंच. बँकेत यावर उपाय सोपा आहे : सगळ्यांची मिळून एकच रांग करायची आणि मोकळ्या होणाऱ्या खिडकीकडे पुढच्यानं जायचं. पण गाड्यांची अशी एक रांग करून तिला दोन डझन खिडक्यांत वाटणं अवघड. म्हणून अनुभवाचे ठोकताळे चालतात. माएस्त्रोंचे तीन होते. माणसांनी भरलेल्या व्हॅनच्या मागे उभं राहू नये. जितकी डोकी तितके कागद. दुसऱ्या राज्याची नंबरप्लेट असलेल्या गाडीमागे राहू नये, कारण तो माणूस वाट चुकलेला असतो आणि खिडकीवर गप्पा मारतो. आणि ज्या खिडकीवर अधिकाऱ्यांची पाळी बदलायला आली असेल तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

हा सगळा शहाणपणा तोवर चालत होता, जोवर मार्गिका सर्वांना सारख्या होत्या. १९९४ साल या सीमेवर दोन परस्परविरोधी गोष्टी घेऊन आलं. जानेवारीत अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि ऑक्टोबरमध्ये सॅन दिएगोच्या पट्ट्यात घुसखोरी रोखण्याची 'ऑपरेशन गेटकीपर' ही मोहीम सुरू झाली. माल मोकळा सोडायचा आणि माणूस रोखायचा. या दोन्हींचा मेळ घालण्यासाठी पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९५मध्ये, सॅन इसिद्रोच्या पूर्वेला ओताय मेसा या नाक्यावर एक वेगळी मार्गिका उघडली. तिचं नाव 'सेंट्री'. ज्यांनी आधी अर्ज केला, फी भरली, बोटांचे ठसे दिले, मुलाखत दिली, ज्यांची पार्श्वभूमी तपासून झाली, त्यांनीच या मार्गिकेत यायचं. गाडीचीही नोंदणी हवी. २०००च्या सुमारास ही सोय सॅन इसिद्रोतही आली. खिडकीवर घालवायचा वेळ महिनाभर आधीच कार्यालयात घालवून ठेवायचा, अशी ही कल्पना आहे आणि कल्पना म्हणून ती हुशारीची आहे.

मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला. न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि चार हजार किलोमीटरवर सॅन इसिद्रोत गाड्या जागच्या जागी थांबल्या. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरही तेच झालं. डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर यांना जोडणाऱ्या अँबॅसडर पुलावर ट्रक तासन् तास अडकले, सुटे भाग पोहोचले नाहीत आणि मोटारींच्या कारखान्यांना काम थांबवावं लागलं. तिहुआनात मात्र लोकांनी वेगळीच शक्कल काढली. नाक्यावर सायकलवाल्यांसाठी स्वतंत्र मार्ग होता आणि त्याला रांग नव्हती. झालं, मेक्सिकोच्या बाजूला भाड्याच्या सायकली आल्या. नाक्यापलीकडे गेलं की सायकल परत करायची. ज्यांना सायकल येत नव्हती ते ती हातात धरून चालत गेले म्हणतात.

२००३ साली मी या रांगेत प्रथम आलो, तेव्हा माझ्याकडे भारतीय पासपोर्ट आणि कामाचा व्हिसा. म्हणजे सर्वसाधारण मार्गिका. दोन तास, अडीच तास. रांगेतलं ते जग मी तेव्हा पाहिलं. गाड्यांच्या मधून फिरणारे चुरोसवाले, बरितोवाले, घोंगड्या आणि प्लास्टरच्या मूर्ती विकणारे, न विचारता काच पुसणारी मुलं. मागच्या सीटवर शाळेच्या गणवेशात झोपलेली पोरं. आरशात पाहून दाढी करणारे कारकून. पुष्कळांचं निम्मं आयुष्य तिथेच पार पडत होतं. आमच्या शेजारच्या मार्गिकेतून सेंट्रीच्या गाड्या सुळकन निघून जात, आणि कुणी हॉर्नही वाजवत नसे. याचं मला सुरुवातीला नवल वाटे. मग कळलं, की प्रत्येकाच्या मनात आपणही कधीतरी तिकडे असू, हेच होतं.

त्याच सुमाराची, २००६च्या जानेवारीतली गोष्ट. सॅन दिएगोच्या प्रादेशिक नियोजन संस्थेनं या खोळंब्याचा हिशेब मांडला. या एका पट्ट्यातल्या रांगांमुळे दोन्ही देशांचं मिळून वर्षाला सुमारे ६ अब्ज डॉलरचं उत्पादन बुडतं, असं त्यात निघालं. तोवर रांग ही गरिबाची कटकट होती. त्या आकड्यानंतर ती अर्थव्यवस्थेचा प्रश्न झाली.

दरम्यान कागद बदलत होते. ३१ जानेवारी २००८पासून 'मी अमेरिकन नागरिक' असं तोंडी सांगून भागेनासं झालं आणि १ जून २००९पासून पासपोर्ट किंवा तशाच तोलाचं ओळखपत्र सक्तीचं झालं. नव्या कार्डांत रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी चकती बसवलेली होती. गाडी खिडकीशी येईपर्यंत अधिकाऱ्याच्या पडद्यावर माहिती हजर. २०१०पासून अशा कार्डवाल्यांसाठी तिसरी मार्गिका सुरू झाली, ती 'रेडी लेन'. गाडीतल्या प्रत्येक प्रौढाकडे असं कार्ड हवं, एवढीच अट. आता उतरंड पूर्ण झाली. सेंट्रीवाल्याला पंधरा मिनिटं लागावीत, रेडीवाल्याला सर्वसाधारण मार्गिकेच्या निम्मा वेळ लागावा, असं सीमाशुल्क खात्यानं उद्दिष्टच ठेवलेलं आहे. सर्वसाधारण मार्गिकेला उद्दिष्ट नाही. बाकी दोघांचा वेळ मोजायची ती पट्टी आहे.

पुढे माझं ग्रीन कार्ड झालं. त्यातही ती चकती होती, म्हणून मी रेडीत गेलो. दोन वर्षांनी सेंट्रीचं कार्ड मिळालं. रस्ता तोच, काम तेच, ड्रायव्हरही तोच. अडीच तासांचे पंधरा-वीस मिनिटं झाले. मार्गिका निवडायची तर ती स्टिअरिंगवर बसून नव्हे, कित्येक वर्षं आधी, कुठल्याशा सरकारी कार्यालयात निवडली जाते. कधी त्याही आधी, जन्मदाखल्यावर. आणि मिळालेली मार्गिका टिकवावी लागते. सेंट्रीच्या गाडीत बिनकार्डाचा मित्र बसवला किंवा मुलाच्या डब्यात मेक्सिकन संत्रं राहून गेलं आणि सांगितलं नाही, तर कार्ड जाऊ शकतं. आमच्या ओळखीत एक कुटुंब नाक्याआधी दर सोमवारी डबे उघडून पाहायचं.

किती वेळ लागेल, हे आधी कळावं यासाठी खात्यानं आकडे प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पण हे आकडे कसे काढत? रांग अमुक पुलापर्यंत दिसते, म्हणजे इतका वेळ, अशा नजरेच्या अंदाजानं. कधी ड्रायव्हरलाच विचारून. २०१३ साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं हे आकडे भरवशाचे नाहीत असं अहवालात स्पष्ट म्हटलं. तिहुआनाच्या लोकांना ते आधीच ठाऊक होतं. नाक्याला लागून टेकडीवर कोलोनिया लिबेर्ताद नावाची जुनी वस्ती आहे. माएस्त्रोंची मेहुणी तिथे राहायची. ते निघण्याआधी तिला फोन करत. ती गच्चीवर जाऊन पाहून येई.

नाका अपुरा पडतो हे अमेरिकेलाही कळत होतं. २०१२ साली मेक्सिकोनं आपल्या बाजूला एल चापाराल हा नवा प्रवेश नाका उघडला आणि २०१९च्या अखेरीस सॅन इसिद्रोचं ७४ कोटी डॉलरचं विस्तारकाम पूर्ण झालं. २४च्या जागी ३४ मार्गिका आणि एकामागे एक अशा दोन-दोन मिळून ६२ खिडक्या. दोन खिडक्यांत मोठं कोडं असं, की पुढच्याची झडती लांबली तर मागचा मोकळा झालेलाही अडकून राहतो. तरीही रांग कमी झाली, काही दिवस. मग ती पुन्हा वाढली. ये-जा सोपी झाली की आणखी लोक पलीकडे राहायला जातात. रस्ते रुंद केल्यावर आपल्या शहरांत जे होतं तेच.

आणि खिडक्या असणं म्हणजे त्या उघड्या असणं नव्हे. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळे सीमा अनावश्यक प्रवासाला बंद झाली. ती बंदी नोव्हेंबर २०२१पर्यंत टिकली. पण अमेरिकी नागरिकांना स्वतःच्या देशात परतण्यापासून अडवता येत नव्हतं आणि ते तिहुआनाला जातच होते. ऑगस्ट २०२०मध्ये खात्यानं मार्गिका कमी केल्या. लोकांनी विनाकारण जाऊ नये म्हणून, असं कारणही उघड सांगितलं. खोळंबा कित्येक तासांवर गेला. त्यात दवाखान्यात निघालेल्या परिचारिकाही होत्या आणि पहाटेच्या पाळीचे सफाई कामगारही. १९६९ साली दबाव शेजारच्या सरकारवर होता. या वेळी तो आपल्याच नागरिकांवर होता.

दक्षिणेकडे जाणाऱ्याची कथा याच्या अगदी उलट. मेक्सिकोत शिरताना दोनच मार्गिका निवडायच्या : 'जाहीर करण्यासारखं काही आहे' आणि 'काही नाही'. 'काही नाही'च्या मार्गिकेत एक दिवा असतो. हिरवा लागला तर जा, लाल लागला तर बाजूला घ्या. दिवा कुणासाठी कधी लागेल ते यंत्र ठरवतं. तुमचं कार्ड, कपडे, रंग काही विचारत नाही. यात कार्यक्षमता किती ते माहितगार सांगतील. मला तो दिवा आवडे.

आता ओताय मेसाच्या पूर्वेला आणखी एका नाक्याची आखणी झाली आहे. तिथे मार्गिका टोलवर चालायची आहे. रांग वाढली की टोल वाढवायचा, म्हणजे काही गाड्या दुसऱ्या नाक्याकडे वळतील आणि टोल भरणाऱ्याला वीसेक मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागणार नाही. मी हे माएस्त्रोंना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग हिशेब करू लागले : रोज दोन तास वाचले तर तासाला किती पडले, आणि तेवढ्यात सॅन दिएगोत खोली भाड्यानं मिळेल का. मिळत नव्हती.

ते निवृत्त होऊन काही वर्षं झाली. उत्तरेला जायचं आता क्वचितच कारण पडतं. पण पावणेतीनला जाग येतेच, म्हणाले. मग उठून कॉफी करतात आणि रेडिओ लावून कुठल्या नाक्यावर किती गाड्या आहेत ते ऐकत बसतात.